आवड : विणकाम, वाचन, बागकाम

माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नासाठी जो कागद मलकापूरला गेला, तो माझ्या अक्षरात होता. घरात अक्षर माझंच बरं, म्हणून बाबांनी मला समोर बसवलं. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. नाव निर्मला. रंग गोरा. शिक्षण सातवी पास. मग 'आवड' हा शब्द आला आणि बाबा अडखळले. ताईला काय आवडतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिला दुपारी झोपायला आवडायचं, आरशासमोर बसून गालाला पावडर लावायला आवडायचं, चिंचेला मीठ लावून चोखायला आवडायचं. हे कागदावर कसं लिहिणार? माय चुलीपाशी भाकरी थापत होती. ती मान न वळवता म्हणाली, "लिही. विणकाम, वाचन, बागकाम." मी लेखणी उचलून धरली. त्या तिन्ही गोष्टी माझ्या होत्या.

हे मी आता लिहू नये असं माझ्या दोन्ही सुनांचं म्हणणं आहे. बहीण आहे, म्हातारी झाली आहे, आता कशाला उकरायचं, असं त्या म्हणतात. चिखलीच्या बाजारात माझं लोकरीचं दुकान आहे आणि लुधियानाहून येणारे एजंट माझ्यासमोर भाव सांगताना घाम पुसतात, हे त्यांना चालतं. दुकानात माझा आवाज चढला की त्या गिऱ्हाइकांना हसून सांगतात, "आमच्या आत्याबाई जरा गरम आहेत." पण हा स्वभाव कुठल्या भट्टीत तापला हे कुणी विचारत नाही. म्हणून लिहिते.

आमचं घर जानेफळात. मातीच्या भिंती, टिनाचं छप्पर, पुढे दोन खोल्या आणि मागे घराच्या दुप्पट मोकळी जागा. बाबा बैलांचे दलाल होते. आसपासच्या गावांच्या बैलबाजारात त्यांना मान होता. विकणारा आणि घेणारा यांच्या हातांवर रुमाल टाकून आत बोटं दाबत भाव ठरवायचा, ही त्यांची विद्या. बाहेर उभ्या माणसाला कळायचं नाही की रुमालाखाली काय चाललं आहे. बाबांचा चेहरा तेव्हा देवळातल्या मूर्तीसारखा व्हायचा. मी लहानपणी त्यांच्या बोटांशी खेळत ही भाषा शिकले आणि फार लवकर शिकले. ताईने कधी त्यात लक्ष घातलं नाही. ती गोरी होती आणि गोऱ्या मुलीला आमच्या घरात दुसरं काही यावं लागत नसे.

मागची जागा माझी. मोरीचं पाणी एका चरातून आधी अळूत जायचं, तिथून वालाच्या वेलाला आणि उरलंसुरलं वांग्यांना. चर मीच खणला होता. भेदरं म्हणजे टमाटे, मिरच्या, सांबार हे सगळं घरापुरतं निघायचं. बाहेर ज्याला कोथिंबीर म्हणतात त्याला आम्ही सांबार म्हणतो, आणि ताज्या सांबाराचा वास लागलेली बोटं नाकाशी धरून बसणं हे माझं त्या वयातलं एक मोठं सुख होतं. कुंपणाला आंबाडी, मोरीच्या भिंतीशी ओवा, आणि एका फुटक्या माठात शेवंती. शेवंतीला उन्हाळ्यात जगवायचं तर माठ रोज सावलीबरोबर सरकवावा लागायचा. मी सकाळी शाळेत जाताना एकदा आणि आल्यावर एकदा तो ढकलायची. माय म्हणायची, "झाडाले पाळण्यात घालून झोके देऊन राह्यली पोट्टी." पण आंबाडीची भाजी आणि ज्वारीची गरम भाकर, वर कच्च्या तेलाची धार, हे तिच्या पानात माझ्याच चरातून यायचं, हे ती विसरायची.

विणकाम मला शेजारच्या शमीमआपांनी शिकवलं. त्यांचे यजमान कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचे. दिवसभर त्यांच्या धनुकलीचा तणतण आवाज आमच्या भिंतीतून यायचा आणि घरात सगळ्या वस्तूंवर कापसाचे तंतू बसलेले असायचे, आपांच्या भुवयांवरसुद्धा. मी डावरी. शाळेत गुरुजींनी छडी मारून लेखणी उजव्या हातात आणली, पण बाकी सगळं डाव्यानेच. आधी मी आपांच्या बाजूला बसून पाहायची आणि सगळे टाके गळायचे. दोन दिवस त्यांनी पाहिलं आणि मग म्हणाल्या, "बेटा, बाजूले नको बसू. सामने बैठ. आरशात पाहते ना, तसे माझे हात पाहा." तसं बसल्याबरोबर सुया माझ्या हातात धावायला लागल्या. त्यांचा उजवा तो माझा डावा. फरक इतकाच पडला की वेणीची वीण घातली की आपांच्या वेण्या एका अंगाला वळायच्या आणि माझ्या दुसऱ्या. आपा हसायच्या. "तेरी चोटी उलटी आहे. पण सुंदर आहे."

हे शिकवणं फुकट नव्हतं. आपांना मराठी वाचता येत नव्हतं आणि गोष्टींचा त्यांना भयंकर नाद होता. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात एक लाकडी कपाट होतं, त्याची किल्ली शिपायाकडे असायची आणि शिपाई झोपलेला असायचा. मी त्याला उठवून दर आठवड्याला एक कादंबरी आणायची. पुस्तक जमिनीवर उघडं ठेवायचं, पानावर वरवंटा ठेवायचा म्हणजे पान मिटत नाही, आणि हाताने विणत विणत मोठ्याने वाचायचं. ठराव असा, की एक प्रकरण वाचलं की आपांनी एक नवी वीण दाखवायची. मी लवकरच शहाणी झाले. नायिका विहिरीच्या काठावर उभी राहिली की पुस्तक मिटायची. "पुढे?" आपा विचारायच्या. "आधी जाळीची वीण." "अगं, ती मरते का?" "जाळीची वीण." मग त्या मला शिव्या घालत सुया उचलायच्या. चहा व्हायचा, त्यात त्या सुंठ घालायच्या, आणि नायिका विहिरीवरून परत फिरायची. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत सरळ व्यवहार. दोघींनी ठरलेलं दिलं, दोघींनी ठरलेलं घेतलं आणि दोघीही हसत उठल्या. पुढे मी इतके सौदे केले, पण त्या चटईवरच्यासारखा एकही नाही.

तर त्या कागदाकडे येते. मी लेखणी उचलून धरली आणि विचारलं, "मंग मले काय?"

माय वळली. "काय म्हणजे?"

"माह्या तीन गोष्टी तुम्ही ताईले देऊन राह्यले. मले काय देता?"

"बहिणीचं लग्न हाये पोट्टे. बैलबाजार नाही."

बाबा मात्र हसले. मला वाटतं त्यांना अभिमान वाटला असावा, जसा एखाद्याला आपल्या वासराच्या शिंगाचा वाटतो. "थांब वं," ते मायला म्हणाले. "बोलू दे तिले. काय पाहिजे?"

"दहावी झाली की मले मेहकरले टाका. अकरावीले."

आमच्या गावात तेव्हा शाळा दहावीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर मेहकर. आमच्या आळीतली एकही मुलगी दहावीनंतर गेली नव्हती. माझ्या मनात मात्र मेहकरच्या कॉलेजातलं वाचनालय होतं. गावातल्या कपाटातली सगळी पुस्तकं मी आपांना वाचून संपवली होती, काही दोनदा. मेहकरला एक अख्खी खोली पुस्तकांनी भरलेली आहे, असं आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी सांगितलं होतं. मला ती खोली हवी होती. बाकी काही नको होतं.

मलकापूरचं स्थळ मोठं होतं. गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान, स्टेशनजवळ पक्कं घर, एकुलता मुलगा. वडील नव्हते. दुकान आईच चालवत होती. तिने निरोप पाठवला होता की पोरगी हातगुणाची पाहिजे, आमच्याकडे बसून खाणारी चालत नाही. बाबांनी क्षणभर विचार केला. "बरं," ते म्हणाले. "तुह्या वस्तू दाखवून जमलं लग्न, की तू मेहकरले. झालं?" मी म्हटलं, "झालं." आणि कागदावर लिहिलं, विणकाम, वाचन, बागकाम. अक्षर जरा जास्तच नीट काढलं.

आमच्याकडे मुलगी पाहायला येणार म्हटलं की तिचं हातचं काम मांडायची पद्धत होती. भिंतीला खिळे ठोकायचे, मण्यांची तोरणं लावायची, काचेच्या चौकटीत लोकरीचा पोपट टांगायचा, रेडिओवर क्रोशाचा रुमाल. अर्ध्या घरांतला पोपट दुसऱ्याच घरून आणलेला असायचा, हेही सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे उसनं आणायची गरज नव्हती, माझं होतं. दोन स्वेटर, टोप्या, आपांच्या मदतीने केलेली शाल. हिरव्या लोकरीचा वेणीचा स्वेटर मायने दारासमोरच टांगला. आत येणाऱ्याच्या तोंडावरच तो यायचा. मला स्वयंपाकघरात ठेवलं आणि सांगितलं की चहा-पाणी दे, पण बाहेर जास्त घोटाळू नको.

मलकापूरच्या मावशी म्हणजे त्या मुलाची आई. ठेंगणी, कपाळावर आठ्या, आवाज दुकानातला. सोबत तिचा भाऊ आणि मुलगा. त्यांनी ताईला पाटावर बसवून नाव लिहायला सांगितलं. ताईने उजव्या हाताने वाकडंतिकडं 'निर्मला' लिहिलं. मावशींच्या भावाने विचारलं, "वाचनात काय वाचतं बाई तू?" ताई म्हणाली, "पोथी." मी आत कपाळावर हात मारला. माय घाईने म्हणाली, "लाजते हो ती. कादंबऱ्याच्या कादंबऱ्या संपवते." मग त्यांना मागे बाग दाखवायला नेलं. मावशींनी मोरीशेजारचं एक पान खुडून चोळलं, ताईच्या नाकाशी धरलं. "हे काय लावलं बाई?" ताईने वास घेतला आणि गोड हसून म्हणाली, "पुदिना." तो ओवा होता. मी तेवढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन दारात आले होते, मला ठसका लागला. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, तांब्या घेतला. मायने मला डोळ्यांनीच हाकललं. पाहुण्यांपुढे मी डावा हात केला होता, त्याचं रात्रीपर्यंत ऐकलं.

तरी लग्न जमलं. आठ दिवसांत होकार आला. बाबांनी मला हाक मारून पाठीवर थाप दिली. मी दहावीची परीक्षा दिली, पास झाले, चांगल्या मार्कांनी झाले. ताईचं लग्न त्या सालच्या शेवटच्या तिथीला धरलं. मेहकरचा फॉर्म भरायचे दिवस त्याच सुमाराला होते. फॉर्मवर वडिलांची सही लागते आणि त्यांना सोबत जावं लागतं, हे मी बाईंना विचारून ठेवलं होतं. मायने सांगितलं, "पाठराखीण म्हणून ताईसंगं जा. पाच दिवसांनी बाबा आणायले येतीन, मंग तुले परस्पर मेहकरले नेतीन." नवरीसोबत सासरी एखादी बहीण पाठवायची, म्हणजे तिला परकं वाटत नाही. मी गेले. आपल्या हिशोबाने मी सौद्याचा शेवटचा भाग पुरा करत होते.

मलकापूरचं घर मला आवडलं नाही. अंगणात फरशी, मातीचा एक कण नाही, सगळीकडे ढेपेचा खरमरीत वास आणि दर थोड्या वेळाने मालगाडी गेली की ताटल्या वाजायच्या. तिसऱ्या दिवशी मावशींनी किरमिजी लोकरीचे गुंडे आणून ताईच्या मांडीवर ठेवले. "नवी नवरी हाये, चुलीपाशी आताच नाही बसवत तुले. रिकामीच हाये तं माह्यासाठी एक स्वेटर घाल. तसाच, वेणीचा." ताईचा चेहरा उतरला. मावशी दुकानात गेल्याबरोबर ती माझ्या पाया पडायचीच बाकी राहिली. "कुसुम, एवढं कर माह्यासाठी. समजलं तं त्या मले माहेरी पाठवून देतीन." ती खरोखर रडत होती. मी विणायला बसले. ताई दाराशी बसून रस्त्यावर लक्ष ठेवायची. मावशींची चाहूल लागली की सुया तिच्या हातात आणि मी शेजारी गुंडा धरून. ताईने सुया ज्या तऱ्हेने धरल्या होत्या ते पाहून मला भाकरी थापायच्या आधी पीठ चाचपणारी लहान मुलगी आठवायची.

पाचव्या दिवशी बाबा आले. मी पिशवी भरून दारातच बसले होते. मावशींनी त्यांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि वांग्याचं भरीत वाढलं, ढेपेच्या भावावर बोलणं झालं आणि मग त्या म्हणाल्या, "ईवाईबुवा, स्वेटर अर्धा हाये. दोघीले आठ दिवस राहू द्या. झाला की घेऊन जा." बाबा 'हो' म्हणाले. एक क्षणही न थांबता 'हो' म्हणाले. मी त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत धावले.

"बाबा, फॉर्म? तीनच दिवस राह्यले."

"पुढच्या साली भरू."

"बाबा, तुम्ही बोलले होते."

"ईहिणीच्या दारात वाद घालू नको बे," ते म्हणाले. 'बे' ते पुरुषांना म्हणायचे, मला बैलबाजारातल्या भाषेत बोलले म्हणजे चिडले होते. ते स्टँडकडे गेले. मी परत आले आणि इतक्या रागाने विणायला बसले की सुईचा टोकाकडचा भाग वाकला. अजून माझा हात रागात जास्त चालतो. दुकानातल्या मुली म्हणतात, काकू चिडल्या की दोन दिवसांचं काम एका दिवसात होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईला झोप लागली. दाराशी बसल्या बसल्याच लागली, तोंड उघडं. मावशी केव्हा आत आल्या मला कळलं नाही. मान वर केली तेव्हा त्या माझ्यासमोर बसल्या होत्या आणि माझ्या हातांकडे पाहत होत्या. मी सुया खाली ठेवल्या.

"चालू दे," त्या म्हणाल्या. "मी बुलढाण्याची हाये, थंडीतली. आमच्या गल्लीत पोरी सुया घेऊनच मोठ्या होते." त्यांनी विणलेला भाग हातात घेऊन वेणीवर बोट फिरवलं. "डावऱ्या हाताची वेणी उलटी वळते. तुमच्या दारातला हिरवा स्वेटर पाह्यला, तवाच मनात म्हटलं, हे डावऱ्या पोरीचं काम. मंग निर्मलानं उजव्या हातानं नाव लिहिलं, अन् तू डाव्या हातानं तांब्या दिला."

मी विचारलं, "मंग तुम्ही काही बोलल्या काऊन नाही?"

"कशाले बोलू?"

"तुम्हाले हातगुणाची पोरगी पाहिजे होती ना?"

मावशी हसल्या. त्यांच्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, हे मला आज सांगायला हवं. एखादी बाई लहान पोरीला हसेल तशा हसल्या. "अवं, ते तं सगळेच लिहिते. विणकाम पाहून कोणी सून आणते का? पोराले तुही बहीण आवडली. गोरी हाये, बोलायले गोड हाये. भिंतीले काहीच टांगलं नसतं तरी आम्ही 'हो'च म्हणणार होतो."

मी ताईकडे पाहिलं. ती झोपलेली होती आणि झोपेतसुद्धा छान दिसत होती. भिंतीवर टांगलेले माझे स्वेटर, कागदावर काढलेलं ते नीट अक्षर, पुदिना म्हटल्यावर आलेला ठसका, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. जे मी दिलं होतं त्याची कुणाला गरजच नव्हती.

"मंग मले काऊन ठेवून घेतलं?"

"स्वेटर चांगला घालतं तू," मावशी म्हणाल्या. "बाजारात असा भेटत नाही."

त्या वेळी मी रडले असते तर कदाचित माझं आयुष्य वेगळं झालं असतं. पण मला रडू येत नाही, राग येतो, आणि रागात मला भाव सुचतात. मी म्हटलं, "पाठ झाली, पुढचा भाग उद्या दुपारपर्यंत होते. परवा सकाळी मले गाडीत बसवून द्या. बाह्या मी घरून विणून पाठवतो."

"अन् नाही पाठवल्या तं?"

"ताई तुमच्याजवळच हाये ना."

मावशींनी मला डोक्यापासून पायापर्यंत नव्याने पाहिलं. "खरी दलालाची पोरगी हाये," त्या म्हणाल्या. त्यांनी शब्द पाळला. ठरल्या दिवशी पहाटेच त्यांच्या भावाने मला खामगावच्या गाडीत बसवलं, सोबत दशम्या-चटणी बांधून दिली, आणि कंडक्टरला सांगितलं की पोरीला पुढच्या गाडीत नीट बसवा. त्या सगळ्या प्रकरणात बोललं तसं वागणारं माणूस म्हणजे ती एक बाई. बाह्याही मी पाठवल्या, महिन्याच्या आत.

जानेफळला उतरले तेव्हा दुपार होती. फॉर्मचा तो शेवटचा दिवस. मेहकरची गाडी तासाभराने होती, कॉलेजचं ऑफिस पाचपर्यंत उघडं असतं हे मला पाठ होतं. मी स्टँडवरून घरापर्यंत पळत गेले. बाबा ओट्यावर पाय धुत होते, नुकतेच कुठल्याशा बाजारातून आलेले. मला एकटीला पाहून त्यांच्या हातातला तांब्या थांबला. माय आतून धावत आली. "काय झालं? निर्मला कुठी हाये? काय बोलली तू तिथी?"

इथे मी चूक केली. गप्प राहून म्हणायला हवं होतं की स्वेटर झाला, त्यांनी खुशीने पाठवलं, चला, सही करा. एवढंच. रुमालाखालची बोटं मी ज्यांच्याकडून शिकले त्यांच्यासमोर मला रुमाल धरता आला नाही. तीन दिवसांचा राग साठला होता. त्यांना बोचावं, लाज वाटावी, म्हणून मी सगळं बोलून टाकलं. "त्यायले पहिल्या दिवसापासून माहीत होतं," मी ओरडले. "विणकाम माहं हाये हे माहीत होतं! विणकामासाठी नाहीच केली त्यायनं ताई. गोरी हाये म्हणून केली. भिंतीले काही टांगलं नसतं तरी केली असती. तुम्ही उगाच माह्यं चोरलं!"

माय खाली बसली. मला वाटलं तिला लागलं. पण तिचा चेहरा हळूहळू उजळला. तिने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "माहीत होतं? अन् तरी केली?" ती म्हणाली. "अहो, ऐकलं का? म्हणजे आता भ्यायचं काही कारण नाही. कवा समजीन, कवा समजीन म्हणून माह्या जिवाले घोर लागला होता. लेकीचं नशीब पाहा." आणि ती खरोखर आनंदाने रडायला लागली.

मी पिशवीतून दहावीची मार्कशीट आणि दाखला काढला. बाबांसमोर धरला. "चला. गाडी हाये आता. सही करा."

बाबांनी पाय पुसले. एक पाय, मग दुसरा, बोटांच्या बेचक्यांसकट. त्यांचा चेहरा बैलबाजारातला झाला होता. रागावलेले नव्हते. त्यांच्या आवाजात एक प्रकारची समजूत होती, जशी ते हरलेल्या शेतकऱ्याची घालत.

"कशाची सही?"

"आपलं ठरलं होतं."

"काय ठरलं होतं?"

"माह्या वस्तू दाखवून लग्न जमलं, की मी मेहकरले."

"मंग?" बाबा म्हणाले. "आता तूच सांगून राह्यली ना, का लग्न तुह्या वस्तूनं जमलंच नाही."

मी मार्कशीट तशीच धरून उभी राहिले. पुढच्या सगळ्या आयुष्यात मी बाबांच्या त्या बोलण्याला शंभर उत्तरं शोधली. गादीवर पडल्या पडल्या, दुकानात बसल्या बसल्या, ताईच्या नातवंडांच्या बारशात. चांगली उत्तरं आहेत ती. पण त्या ओट्यावर एकही आलं नाही. बाबांनी तांब्या उपडा ठेवला आणि आत जाऊन पाटावर बसले. बाहेर शमीमआपांच्या घरून धनुकलीचा आवाज येत होता. थोड्या वेळाने स्टँडकडून मेहकरच्या गाडीचा हॉर्न वाजला, ड्रायव्हर निघायच्या आधी दोनदा वाजवायचा तसा.

"कुसमे," माय डोळे पुसत आतून म्हणाली, "बाबाले भाकर वाढ. उपाशी आले ते."

आणि मी आत जाऊन ती वाढली.